मेरीचं कुणी ऐकत का नाही?

परीक्षा संपल्याची रात्र, हॉस्टेलची एक खोली, एका लॅपटॉपभोवती दाटीवाटीनं बसलेली आठ-दहा टाळकी. 'हॉरर लावूया रे' असं कुणीतरी म्हणतं. दिवे बंद होतात. पडद्यावर दार करकरतं, संगीत हळूहळू चढतं, आता काहीतरी येणार हे सगळ्यांना कळलेलं असतं. ते येतं. 'आईगं!' असा सामूहिक ओरडा होतो, कुणाच्या तरी हातातले वेफर्स सांडतात आणि पुढच्या क्षणी सगळे हसत सुटतात. सकाळी मेसमध्ये चहा पिताना त्या सिनेमाचं नावही कुणाला धड आठवत नाही.

यात वाईट काहीच नाही. पण आपण घाबरलो असं आपल्याला वाटतं, तेव्हा बहुतेक वेळा आपण फक्त दचकलेलो असतो. मागून येऊन कुणी 'भॉक' केलं तरीही माणूस दचकतोच. भीती वेगळी. ती सिनेमा संपल्यावर सुरू होते, खोलीवर एकटे परत जाताना सोबत येते आणि दोन दिवसांनी बेसिनच्या आरशासमोर तोंड धुताना अचानक आठवते. असा सिनेमा बघायची ज्यांची तयारी आहे त्यांच्यासाठी आज एका जुन्या, कृष्णधवल आणि बराच काळ कुणाच्या खिजगणतीतही नसलेल्या चित्रपटाची शिफारस करायची आहे. नाव आहे 'कार्निव्हल ऑफ सोल्स'. साल १९६२. लांबी दीड तासापेक्षाही कमी.

गोष्ट तशी साधी

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातलं एक छोटं गाव. तीन मैत्रिणी गाडीतून चालल्या आहेत. शेजारी पोरांची गाडी येते, चिडवाचिडवी होते, शर्यत लागते. एका अरुंद, जुन्या पुलावर मुलींची गाडी कठडा तोडून नदीत कोसळते. गाव जमा होतं, शोध सुरू होतो, गढूळ पाण्यात काही सापडत नाही. काही तासांनी त्यातली एक मुलगी, मेरी हेन्री, चिखलानं माखलेली, लटपटत्या पायांनी नदीतून वर येते. आपण कसे वाचलो हे तिला सांगता येत नाही.

मेरी ऑर्गन वाजवते. दूरच्या युटा राज्यात, सॉल्ट लेक सिटीमधल्या एका चर्चमध्ये तिला ऑर्गनवादकाची नोकरी लागली आहे. अपघाताचं फारसं मनावर न घेता ती गाडी काढते आणि निघते. रात्रीचा रस्ता, रेडिओवर कुठलंही स्टेशन लावलं तरी ऑर्गनचेच सूर. आणि मग बाजूच्या काचेत, जिथे तिचं स्वतःचं प्रतिबिंब दिसायला हवं तिथे, एका पांढऱ्याफटक माणसाचा चेहरा. तो काही करत नाही. फक्त बघतो.

नव्या शहरात ती एका बाईंच्या घरी खोली भाड्यानं घेते. चर्चमध्ये वाजवायला लागते. पण तो माणूस अधूनमधून दिसत राहतो. आणि शहराबाहेर, खाऱ्या सरोवराच्या काठावर, एक ओसाड पडलेली प्रचंड वास्तू आहे. तिथे एकेकाळी लोक नाचायला, मजा करायला यायचे. मेरीला तिथे जायचंय. का, ते तिलाच कळत नाही.

बास, यापुढे गोष्ट सांगत नाही. हुशार वाचकांना शेवटाचा अंदाज आत्ताच आला असेल, कारण गेल्या साठ वर्षांत त्या शेवटाच्या असंख्य नकला येऊन गेल्या. पण काळजी नको. शेवट आधी ओळखला तरी या सिनेमाचं काही बिघडत नाही. त्याची खरी ताकद मधल्या तासाभरात आहे.

भुतापेक्षा भयानक

मेरी एका मोठ्या दुकानात कपडे घ्यायला जाते. ट्रायल रूममध्ये ड्रेस घालून बघत असते. पडद्यावरचं चित्र क्षणभर पाण्यासारखं हलतं आणि त्यानंतर सगळे आवाज थांबतात. ती बाहेर येते, विक्रेतीला काहीतरी विचारते. विक्रेतीचं लक्षच नाही. ती पुन्हा विचारते. विक्रेती तिच्याकडे न बघता आपलं काम करत राहते. मेरी रस्त्यावर येते. गाड्या चालल्या आहेत, माणसं चालली आहेत, पण कशालाच आवाज नाही. ती लोकांशी बोलू बघते आणि कुणालाच ती दिसत नाही, ऐकू येत नाही. तिच्या बुटांची टकटक तेवढी आपल्याला ऐकू येते. शेवटी एका बागेत ती झाडाला टेकते, पक्ष्याची किलबिल कानावर येते आणि जग पुन्हा सुरू होतं.

या प्रसंगात भूत नाही, रक्त नाही, किंकाळी नाही. ध्वनिपट्टीवरचा आवाज काढून घेतला, एवढंच. पण हा प्रसंग ज्यांच्या छातीत जाऊन बसतो ते पडद्यावरच्या मेरीपुरते घाबरत नाहीत. गाव सोडून शिकायला किंवा नोकरीला मोठ्या शहरात आलेल्या प्रत्येकानं हा अनुभव थोडा तरी घेतलेला असतो. पहिल्या महिन्यात मेसमध्ये एकट्यानं जेवताना. वर्गात साठ मुलं असूनही दिवसभरात कुणाशी एक वाक्य बोललो नाही हे रात्री झोपताना लक्षात येतं तेव्हा. भर गर्दीच्या लोकलमध्ये. आपण आहोत, पण आपण असण्यानं कुणाला काही फरक पडत नाही. रत्नाकर मतकरींच्या गूढकथा वाचणाऱ्यांना हे ठाऊक आहे की भीतीला वाडा, स्मशान आणि अमावास्या लागत नाही. चार भिंतींचा फ्लॅट पुरतो. 'कार्निव्हल ऑफ सोल्स'ला तर भर दुपारचं दुकान पुरलं आहे.

आता तिच्या आजूबाजूची माणसं बघा. ऑर्गनच्या कारखान्यातला माणूस तिला सांगतो की वाजवण्यात जरा जीव ओत. शेजारच्या खोलीतला जॉन तिच्या दारात घुटमळतो, 'नको' हे उत्तर त्याला समजतच नाही. एक डॉक्टर बागेत भेटतात, तिला आपल्या दवाखान्यात नेतात आणि हे सगळं मनाचे खेळ असल्याचं समजावतात. तुला मित्र का नाही, हाही प्रश्न त्यांना पडतो. चर्चमधले धर्मोपदेशक एका संध्याकाळी तिला वेगळंच, विचित्र काहीतरी वाजवताना ऐकतात आणि जागच्या जागी राजीनामा मागतात. वर आमच्या मदतीकडे पाठ फिरवू नकोस, असंही सांगतात.

म्हणजे मेरीला काय झालंय याचं निदान प्रत्येकाकडे तयार आहे. ती फार थंड आहे, ती माणसांत मिसळत नाही, तिचं देवाधर्माकडे लक्ष नाही, तिला पुरुषाची सोबत हवी आहे. तिला काय दिसतंय ते पूर्ण ऐकून घेण्याइतका धीर मात्र कुणाकडेच नाही. ज्या जॉनला तिच्या खोलीत शिरायची इतकी घाई असते, तो ती खरोखर घाबरल्यावर काढता पाय घेतो. सिनेमा १९६२ चा आहे, पण 'तू ना, जास्त विचार करतेस' हे वाक्य ज्या मुलींनी आयुष्यात एकदा तरी ऐकलंय, त्यांना हा भाग आजचाच वाटेल.

आणि मेरी काही बिचारी नाही, हे विशेष. ती तुसडी आहे, कुणाची भीड ठेवत नाही. चर्चमधलं काम हे तिच्यासाठी काम आहे, भक्ती नाही, आणि ते ती लपवत नाही. तिला लग्नाची घाई नाही, सोबतीची हौस नाही. त्या काळातल्या अमेरिकन सिनेमात अशी नायिका सहसा शेवटी वठणीवर यायची किंवा कुणाच्या तरी प्रेमात पडायची. इथे तसं होत नाही. कँडेस हिलिगॉस या अभिनेत्रीनं तिचे मोठे डोळे आणि आखडलेली मान एवढ्या भांडवलावर ही भूमिका पेलली आहे. प्रेक्षकाला आवडावी म्हणून ती मेरीला जराही गोड करत नाही.

तीन आठवड्यांची रजा

हा सिनेमा बनला कसा, ही गोष्ट खास शॉर्टफिल्मवाल्या मंडळींसाठी. दिग्दर्शक हर्क हार्वे हे कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावच्या सेंट्रॉन नावाच्या कंपनीत नोकरीला होते. ही कंपनी शाळांसाठी शैक्षणिक आणि कारखान्यांसाठी माहितीपर फिल्म बनवायची. सुरक्षितता कशी पाळावी, शिस्त कशी असावी, अशा विषयांवरच्या शेकडो फिल्म हार्वेंनी केल्या होत्या. हॉलिवूडशी त्यांचा काही संबंध नव्हता.

एकदा कॅलिफोर्नियाहून घरी परतताना त्यांना ग्रेट सॉल्ट लेकच्या काठावर सॉल्टएअर दिसलं. १८९३ साली बांधलेली ही घुमटांची भव्य सहलवास्तू. १९२५ मध्ये ती जळाली, पुन्हा उभी राहिली आणि १९५८ च्या सुमारास कायमची बंद पडली. सरोवराचं पाणीही मागे हटलेलं. त्या ओसाड नृत्यगृहात मेलेली माणसं नाचत आहेत, एवढं एक दृश्य हार्वेंच्या डोक्यात बसलं. कंपनीतलेच लेखक सहकारी जॉन क्लिफर्ड यांना त्यांनी सांगितलं, शेवटी हे दृश्य हवं, तिथपर्यंत कसं पोचायचं ते तू ठरव. क्लिफर्डनी पटकथा लिहिली, गावातल्या लोकांकडून पैसे उभे राहिले आणि हार्वेंनी कामावरून तीन आठवड्यांची रजा टाकून सिनेमा चित्रित केला.

एकूण खर्च साधारण ३३ हजार डॉलर. तुलनेसाठी सांगायचं तर दोनच वर्षं आधी आलेल्या हिचकॉकच्या 'सायको'चा खर्च सुमारे ८ लाख डॉलर होता, आणि तो हिचकॉकनं हात आखडून बनवलेला सिनेमा मानला जातो.

पैसे नाहीत म्हटल्यावर हार्वेंनी काय केलं? जे हाताशी होतं ते वापरलं. ऑर्गनच्या कारखान्याचा सेट लावायला परवडणार नव्हता, पण लॉरेन्समध्येच खराखुरा ऑर्गनचा कारखाना होता. चर्चही गावातलंच. पूल जवळच्याच लेकॉम्प्टनचा. कठडा दुरुस्त करून देण्याच्या अटीवर गाडी पाडायची परवानगी मिळाली. धावत्या गाडीतले प्रसंग स्टुडिओत पडद्यासमोर करण्याऐवजी हलका कॅमेरा हातात घेऊन खऱ्या गाडीत चित्रित केले. आणि तो पांढऱ्या चेहऱ्याचा माणूस? ते स्वतः हार्वेच. तोंडाला रंग फासून उभे राहिले.

आपल्याकडे एकांकिका करणाऱ्या पोरांना यातलं मर्म वेगळं समजावून सांगायला नको. दोन लेव्हल, एक खुर्ची आणि एक पिवळा स्पॉट यांच्या जोरावर राजवाडा उभा करणारी ही जमात. पण तीच मुलं शॉर्टफिल्म करायला घेतली की आधी कॅमेऱ्याचं भाडं, ड्रोन आणि व्हीएफएक्सची चर्चा सुरू होते. हार्वेंचा धडा असा की आधी डोक्यात एक दृश्य पक्कं हवं. मग बाकीच्या गोष्टी आपल्या गल्लीत सापडतात का ते बघायचं.

संगीताचंही तेच. जीन मूर यांनी संपूर्ण सिनेमाला ऑर्गन या एकाच वाद्याचं संगीत दिलंय. पार्श्वसंगीतासाठी मोठा ताफा परवडणारा नव्हता, हे उघड आहे. पण नायिकाच ऑर्गन वाजवणारी असल्यामुळे एक विलक्षण गोष्ट घडते. आपल्याला ऐकू येणारे सूर ती वाजवतेय, की तिला ऐकू येताहेत, की फक्त आपल्यासाठी आहेत, हे कळेनासं होतं. तिच्या डोक्यातलं आणि बाहेरचं यातली भिंत विरघळते. लाखो डॉलरचा वाद्यवृंद घेऊनही जे साधलं नसतं ते एका वाद्यानं साधलं.

हरवला, सापडला

इतकं सगळं करून सिनेमा चालला का? नाही. १९६२ च्या सप्टेंबरमध्ये लॉरेन्समध्येच पहिला खेळ झाला. वितरकानं त्यात काटछाट केली आणि दुसऱ्या एका भयपटाच्या जोडीला बांधून ड्राइव्ह-इन थिएटरांत लावला. गाडीत बसून पॉपकॉर्न खायला आलेल्या प्रेक्षकांना या संथ, अबोल सिनेमाचं काय करायचं कळलं नसणार. पुढे वितरकाचंच दिवाळं निघालं, आणि बनवणाऱ्यांच्या हाती काही लागलं नाही. हार्वे सेंट्रॉनमधल्या नोकरीवर परतले. पूर्ण लांबीचा दुसरा चित्रपट त्यांनी आयुष्यात केला नाही.

गंमत अशी की एका चुकीमुळे हा सिनेमा जगला. पडद्यावर कॉपीराइटची सूचना छापायची राहून गेली आणि त्या वेळच्या अमेरिकन कायद्यानुसार तो कुणाच्याच मालकीचा उरला नाही. त्यामुळे रात्री उशिराचे कार्यक्रम भरायला टीव्ही वाहिन्यांना तो आयता मिळाला. झोप न आलेली माणसं टीव्ही लावत, मध्येच कुठेतरी मेरी दिसे आणि ती विसरता येत नसे. अशा जागरणकर्त्यांनी तोंडोतोंडी हा सिनेमा जिवंत ठेवला. १९८९ मध्ये तो पुन्हा थिएटरांत लागला, समीक्षकांनी डोक्यावर घेतला. हार्वे १९९६ मध्ये गेले, म्हणजे हे कौतुक त्यांना बघायला मिळालं, एवढंच समाधान.

दरम्यान १९६८ मध्ये जॉर्ज रोमेरोंचा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' आला. आज आपण ज्याला झॉम्बीपट म्हणतो तो सगळा प्रकार तिथून सुरू झाला, आणि आपल्यावर 'कार्निव्हल ऑफ सोल्स'चा प्रभाव असल्याचं रोमेरोंनी मोकळेपणानं मान्य केलं. म्हणजे तुम्ही आजवर पाहिलेल्या कितीतरी चालत्या-फिरत्या मुडद्यांचे पूर्वज सॉल्टएअरच्या त्या नृत्यगृहात नाचत होते.

चांगला सिनेमा पहिल्या शुक्रवारी पडू शकतो, हे आपल्याला नवीन नाही. 'तुंबाड' २०१८ मध्ये आला तेव्हा किती जणांनी थिएटरात पाहिला? २०२४ मध्ये तो पुन्हा लागला आणि पहिल्यापेक्षा जास्त कमाई करून गेला. मधली सहा वर्षं तो 'अरे, हा बघच' या एका वाक्यावर जगला होता. पहिल्या आठवड्याचे आकडे सिनेमाची लायकी ठरवत नाहीत. ती ठरते नंतर, एकानं दुसऱ्याला सांगण्यातून.

उणिवा आहेतच

उगाच डोक्यावर घेऊन नाचायचं नाही, म्हणून हेही सांगायला हवं. काही ठिकाणी ओठांची हालचाल आणि संवाद जुळत नाहीत. छोट्या भूमिकांतल्या काही जणांचा अभिनय सरळसरळ कच्चा आहे. मधले एकदोन प्रसंग रेंगाळतात. रील्सच्या वेगाला सरावलेल्या डोळ्यांना पहिली वीस मिनिटं जड जातील. पण गंमत म्हणजे हा कच्चेपणाही सिनेमाला उपकारक ठरतो. संवाद आणि ओठ जुळत नाहीत तेव्हा माणसं किंचित दूरची, किंचित खोटी वाटतात, आणि मेरीला जग तसंच तर वाटत असतं! हे मुद्दाम केलेलं नसेल. पण परिणाम व्हायचा तो होतोच.

१९९८ मध्ये याच नावानं नवा सिनेमाही निघाला. रंगीत, जास्त पैशांचा. त्याच्या वाटेला गेला नाहीत तरी चालेल.

मग करायचं काय?

एक, हा सिनेमा बघा. अमेरिकेत त्यावर कुणाचा हक्क नसल्यानं तो इंटरनेटवर उघडपणे आणि फुकट मिळतो. त्यातल्या त्यात स्वच्छ प्रत शोधा, हेडफोन लावा, कारण अर्धा सिनेमा आवाजात आहे. आणि तेवढा वेळ फोन पालथा ठेवा.

दोन, कॉलेजच्या फिल्म क्लबवाल्यांनो, हे तुमच्यासाठी. ओटीटीचं पहिलं पान आपल्याला कालपरवाचंच दाखवत राहतं. मागचं शोधून दाखवायचं काम क्लबचं आहे. प्रोजेक्टर आहे, हॉल आहे, पैसे लागत नाहीत. एका संध्याकाळी हा लावा आणि नंतर अर्धा तास गप्पा ठेवा. फक्त 'शेवट कळला होता का' यावर नको. मेरीशी कोण कसं वागलं, यावर बोला. मुली आणि मुलं एकत्र बसून बोला. त्यातून जे निघेल ते कुठल्याही सेमिनारपेक्षा खरं असेल.

आणि तिसरी गोष्ट सिनेमाबाहेरची. आपल्या वर्गात, हॉस्टेलमध्ये, पीजीत एखादी मेरी असते. एखादा मेरीसारखा मुलगाही असतो. कमी बोलणारा, सहलीला न येणारा, 'शिष्ट आहे' म्हणून आपण सोडून दिलेला. त्याला काय झालंय याचं निदान आपल्याकडेही तयारच असतं. मेरीला भेटलेल्या माणसांपैकी एकानं जरी सल्ला न देता, घाई न करता, तिचं सगळं ऐकून घेतलं असतं तर तिची गोष्ट बदलली असती का? सिनेमाचा शेवट पाहिलात की या प्रश्नाचं उत्तर वाटतं तितकं सोपं नाही हे कळेल. तिच्यासाठी कदाचित उशीर झालेला होता. आपल्या शेजारच्या खोलीतल्या माणसासाठी तो झालेला नाही. जेवायला जाताना त्याच्या दारावर एक टकटक करायला काय हरकत आहे?